ख्रिस्ती अनुभव आणि आमचे टीकाकार

मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींत एक मोठी सोयीची चाल पडून गेलेली आहे. कोणी मराठी मनुष्य ख्रिस्ती झाला आणि त्यानें कांहीं चांगलें लिहिलें, म्हणजे त्याचें लिखाण आपलें म्हणून घरांत घ्यावयाचें आणि त्याची श्रद्धा मात्र जोड्यांबरोबर उंबऱ्याबाहेर ठेवावयाची. ही श्रद्धा त्यानें कां धरली असें कोणी विचारलेंच, तर तीन ठरीव उत्तरें तयार असतात. तो पोटासाठीं बाटला, हें पहिलें. तो परक्यांच्या नादीं लागून बहकला, हें दुसरें. आणि हीं दोन्ही लागू पडत नाहींत असें दिसलें, तर जें तो शोधीत होता तें घरींच होतें, बिचारा व्यर्थ दूर गेला, हें तिसरें. ख्रिस्ताच्या ठायीं त्या मनुष्याच्या जिवाला खरोखरच विश्रांति मिळाली असेल, हें चौथें उत्तर सहसा कोणाच्या तोंडून निघत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, ज्यांचीं चरित्रें आपल्यापुढें उघडीं आहेत त्यांच्यापुरतें तरी हें चौथें उत्तरच खरें आहे. आणि तें तपासून न पाहतां फेंकून देण्याचा अधिकार, दुसऱ्या कोणास असो वा नसो, वाङ्मयाच्या टीकाकारास तर मुळींच नाहीं.

प्रथम ह्या अर्ध्या वाचनाचे नमुने पाहूं. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं तेथेंच वारला. त्याचें 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथें १६१६ सालीं छापून निघालें. त्यांत सुमारें ११,००० ओव्या आहेत. त्यांपैकीं मराठी भाषेच्या स्तुतीच्या चार ओव्या शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असतात. मातृभाषेच्या अभिमानाचें व्याख्यान त्यांवांचून सजत नाहीं. परंतु उरलेल्या ओव्यांत त्या कवीनें काय सांगितलें आहे, असें व्याख्यात्यास विचारून पाहावें! मराठीची थोरवी गाण्यासाठीं कोणी ११,००० ओव्या रचीत नाहीं. त्याला ख्रिस्ताची कथा सांगावयाची होती; ती सांगण्यास ही भाषा योग्य आहे असें त्याला वाटलें, म्हणून वाटेंत त्यानें तिची स्तुति केली. आम्हीं वाटेंतलें तेवढें उचललें आणि मुक्कामाचें नांव पुसून टाकलें.

दुसरा नमुना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. 'फुलामुलांचे कवि' ही पदवी देऊन त्यांस आपण एकदांचे बसवून दिलें आहे. पांखराच्या दुःखावरील 'केवढें हें क्रौर्य' ही कविता पिढ्यान् पिढ्या मुलांच्या पाठ असते. बालकवि ठोंबरे त्यांच्या घरीं कांहीं काळ राहिले होते, हेंही आपण कौतुकानें सांगतों. पण 'अभंगांजलि'चें काय? आणि ज्या 'ख्रिस्तायना'चे पहिले दहा अध्याय व अकराव्याचा कांहीं भाग लिहून ते वारले, व जें लक्ष्मीबाईंनीं पुढें पुरें केलें, त्याचें काय? तें 'सांप्रदायिक' वाङ्मय म्हणे! तुकोबांचा अभंग सांप्रदायिक नाहीं, एकनाथांचें 'भावार्थ रामायण' सांप्रदायिक नाहीं, समर्थांचा 'दासबोध' सांप्रदायिक नाहीं. टिळकांनीं त्याच छंदांत त्याच आर्ततेनें देवाला हांक मारली, ती तेवढी सांप्रदायिक ठरली. हा न्याय कोणत्या साहित्यशास्त्रांत सांगितला आहे, तें जाणत्यांनीं आम्हांस कळवावें.

तिसरा नमुना 'स्मृतिचित्रें'. १९३४ ते १९३६ ह्या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झालेल्या ह्या पुस्तकाची साधी भाषा, खेळकरपणा, स्वतःवरही हंसण्याची हातोटी ह्यांचें वर्णन करून टीकाकार थकत नाहींत, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या पुस्तकाचा कणा कोणता? सोवळ्याचें वेड लागलेल्या बापाच्या घरांत वाढलेली एक मुलगी, पति ख्रिस्ती झाल्यावर आकांत करणारी एक पत्नी, १९०० सालीं स्वतः बाप्तिस्मा घेते. मधल्या पांच वर्षांत तिच्या मनानें जी वाट चालली, ती वाट म्हणजेच तें पुस्तक. तें हंसणें त्या वाटेनें आलेलें आहे. मनावरचें ओझें उतरलेला मनुष्यच असा मोकळा हंसूं शकतो.

येथपर्यंत वाङ्मयाची गोष्ट झाली. आतां त्या तीन उत्तरांकडे वळूं.

पहिलें उत्तर पोटाचें. टिळकांच्याच उदाहरणानें त्याची परीक्षा करूं, कारण त्यांच्या आयुष्याचा तपशील सर्वांस उपलब्ध आहे. १८९३ सालीं राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्यानें 'नव्या करारा'ची एक प्रत त्यांच्या हातांत ठेविली, ती वाचण्याचा आग्रह केला, दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकित केलें, आणि तो आपल्या वाटेनें निघून गेला. तो कोण, कोठला, हें टिळकांस कळलें नाहीं. आमिष दाखविणारा मनुष्य निदान आपला पत्ता तरी ठेवून जातो! टिळकांनीं दिलेल्या शब्दाखातर पुस्तक वाचावयास घेतलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले, आणि तेथून त्यांना पुस्तक खालीं ठेववेना. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याचा मोबदला काय मिळाला? घर फुटलें, जातीनें वाळींत टाकलें, पत्नी व लहान मुलगा कित्येक वर्षें दुरावलीं. पुढें मिशनची नोकरी मिळाली, हें खरें; परंतु १९१७ सालीं त्यांनीं ती वेतनाची नोकरीही सोडली, संन्यस्त वृत्तीनें राहण्याचा निश्चय केला, साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, आणि दोन वर्षांनीं ते वारले. पोटासाठीं धर्म सोडणारा मनुष्य शेवटीं त्याच धर्मासाठीं पोटावर पाय देतो, हें गणित आम्हांस तरी सुटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, टिळक हे अपवाद. दुष्काळांत मिशनच्या दारीं गेलेल्या हजारों गोरगरिबांचें काय? हा प्रश्न रास्त आहे. उपाशी मनुष्य जेथें अन्न मिळेल तेथें जातो, आणि दुष्काळाच्या वर्षांत मिशनांकडे वळणाऱ्या लोकांची संख्या वाढली, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्या मिशनऱ्यांनीं त्या भुकेकडे बोट दाखवून परदेशीं आपल्या यशाचे अहवाल धाडले, त्यांची आम्ही वकिलीही करीत नाहीं. पण येथें दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. एक अशी कीं, ज्या महारामांगांस गांवच्या पाणवठ्यावर घागर बुडविण्याची मुभा नव्हती, त्यांनीं भाकरीबरोबर मिळालेला माणुसकीचा शब्दही ओळखला असेल, असें म्हणावयास काय हरकत आहे? दुसरी अशी कीं, दुष्काळ संपतो. त्यानंतर नातवंडें-पतवंडें होईपर्यंत जी उपासना चालते, ती दुष्काळाच्या भाकरीवर चालत नाहीं.

शिवाय आजच्या स्थितीचा विचार करा. १९५० सालच्या अनुसूचित जातींविषयींच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें हा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेविला. १९५६ सालीं तो शिखांस व १९९० सालीं बौद्धांस मिळाला. ख्रिस्ती व मुसलमान त्या बाहेरच राहिले. म्हणजे पूर्वास्पृश्य जातींतील मनुष्य ख्रिस्ती झाला कीं त्या जातींस मिळणाऱ्या राखीव जागा त्याच्या हातच्या जातात. गरिबी तीच, शेजाऱ्याची वागणूक बहुधा तीच, फक्त कायद्याचा आधार सुटतो. ज्या श्रद्धेपायीं मनुष्य सवलत गमावतो ती त्यानें सवलतीसाठीं धरली, असा युक्तिवाद करणाऱ्यांनीं तर्कशास्त्रांत मोठीच भर घातली आहे. कित्येक जण कागदावर एक धर्म लिहितात आणि रविवारीं दुसऱ्या धर्माची प्रार्थना करितात, असा टोमणा ह्यावर मारण्यांत येतो. पण त्या टोमण्याचा अर्थ काय? लाभ एका बाजूस ओढीत असतां मन दुसऱ्या बाजूस जातें, हाच ना?

१९६७ सालीं ओरिसानें व १९६८ सालीं मध्यप्रदेशानें जे कायदे केले, त्यांनीं जबरदस्ती, फसवणूक व प्रलोभन ह्यांच्या जोरावर केलेलें धर्मांतर गुन्हा ठरविलें, आणि १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते वैध मानले. जबरदस्ती व फसवणूक ह्यांस गुन्हा म्हणण्यास आमची ना नाहीं. परंतु मनुष्यानें आहे तेथेंच राहावें म्हणून दाखविलेलें आमिष, त्याच्यावर घातलेला बहिष्कार, त्याच्या मुलीचें मोडलेलें लग्न, ह्यांचा हिशेब कोण ठेवितो? जाण्याची किंमत चारी बाजूंनीं वाढवीत न्यावयाची आणि तरीही जो जातो तो स्वस्तांत विकला गेला असें म्हणावयाचें, हा व्यवहार सरळ नव्हे.

दुसरें उत्तर परकीयांच्या प्रभावाचें. येथें एक कबुली आरंभींच दिली पाहिजे. गोव्यांत पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं, आणि १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडून, इन्क्विझिशन चालविलें. राजदंडाच्या भीतीनें डोक्यावर घेतलेलें पाणी म्हणजे श्रद्धा नव्हे. तो ज्याच्यावर लादला त्याचा अपमान आहे, आणि ज्याच्या नांवानें लादला त्याचा त्याहून मोठा अपमान आहे. ख्रिस्ती मनुष्यानें हें प्रथम म्हणावयास हवें. परंतु त्याच भूमीवर पुढें काय घडलें तेंही पाहा. १६८४ सालीं त्याच परकीय सत्तेनें फर्मान काढून लोकांनीं आपली देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. धर्म जर केवळ सत्तेची सावली असता, तर स्टीफन्सचें पुराण त्या हुकुमासरशीं विसरलें जावयास हवें होतें. तें विसरलें गेलें नाहीं. ख्रिस्ती घराण्यांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि १९०७ सालीं मंगळूरास त्याची नवी आवृत्ति निघाली. राज्यकर्त्यांनीं ज्या भाषेस मना केली, त्या भाषेंतली ख्रिस्तकथा लोकांनीं पिढ्यान् पिढ्या संभाळली. हें परक्यांच्या भीतीनें झालें कीं आपुलकीनें झालें?

पंडिता रमाबाईंचें उदाहरण तर ह्या उत्तराचा पायाच उखडून टाकतें. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला वाँटेज येथील भगिनींच्या मठांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुण्यांत ह्या वार्तेनें केवढें काहूर उठलें, हें प्रसिद्धच आहे. बाई इंग्रजांची दासी झाली, असा त्या आरडाओरडीचा सारांश होता. आतां ह्या 'दासी'नें आपल्या इंग्रज गुरुभगिनींस लिहिलेलीं पत्रें छापून प्रसिद्ध झालेलीं आहेत, तीं ज्यांनीं वाचलीं असतील त्यांस काय दिसतें? त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या प्रश्नांमागून प्रश्न करितात. शाकाहार सोडीत नाहींत. क्रुसावर लॅटिन अक्षरें कां, संस्कृत कां नकोत, असें विचारितात. हिंदुस्थानांतील पुरोहितांच्या जोखडांतून मोकळी झाल्यावर तसलेंच दुसरें जोखड मानेवर घेणार नाहीं, असें त्या आपल्या आश्रयदात्यांस स्वच्छ बजावितात. गुलाम झालेली बाई अशी पत्रें लिहीत नाहीं. तिचे पुण्याचे टीकाकार आणि तिच्या वाँटेजच्या शिक्षिका, दोघांचीही समजूत एकच होती: हिनें ख्रिस्त घेतला म्हणजे इंग्रजी वळणही घेतलें पाहिजे. रमाबाईंनीं दोघांसही खोटें पाडलें.

टिळकांनीं तेंच दुसऱ्या रीतीनें केलें. परदेशी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें मराठी कंठांत नीट बसत नव्हतीं. टिळकांनीं अभंग, ओवी, कीर्तन, भजन हीं उपासनेंत आणिलीं. आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीतां'त त्यांची पदें भरपूर आहेत. मिशनच्या कारभारांतील पितृत्वाचा आव त्यांस सहन होत नसे, आणि तसें ते बोलूनही दाखवीत. ज्यास परक्यांनीं भुलविलें तो परक्यांचा पोशाख चढवितो. हा तर त्यांच्या देवळांत टाळ-मृदंग घेऊन शिरला!

आतां तिसरें उत्तर. हें सभ्य लोकांचें उत्तर आहे, आणि म्हणूनच तें अधिक फसवें आहे. त्याचा सूर असा: टिळकांचा ख्रिस्त म्हणजे निराळ्या नांवाचा विठ्ठलच, सर्व धर्मांचें सार एकच, मग धर्म बदलण्याचें कारणच काय? ह्याच्या पुष्ट्यर्थ महात्मा गांधींचा दाखला देण्यांत येतो. गांधींनींही डोंगरावरील प्रवचन वाचलें, त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि तरी ते हिंदूच राहिले. जन्मानें लाभलेल्या धर्मांतच मनुष्यानें शुद्ध व्हावें असें त्यांचें मत होतें. गांधींविषयींच्या आदरांत आम्ही कोणास हार जाणार नाहीं. परंतु एकाच प्रवचनानें दोन थोर माणसें दोन दिशांस गेलीं, यावरून एक खरा व दुसरा चुकलेला असें ठरत नाहीं. त्या प्रवचनांत शिकवण आहे, तसा शिकविणाराही आहे. वैऱ्यावर प्रीति करा, ही आज्ञा वाचून एक म्हणतो, हें सत्य आहे, मी तें आचरीन. दुसरा म्हणतो, हें सत्य आहे आणि तें माझ्या हातून होत नाहीं. मग मला उचलून घेणारा कोण? पहिल्यास आज्ञा पुरते. दुसऱ्यास आज्ञा देणारा हवा असतो. टिळकांस तो हवा होता. शिकवण आवडणें निराळें आणि शिकविणाऱ्याच्या पायांशीं स्वतःस टाकणें निराळें. हा भेद गुरुभक्तीच्या ह्या देशांत आम्हीं समजावून सांगावा लागावा, हेंच नवल!

तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें टिळक स्वतः सांगत. तुकोबांस त्यांनीं पुलाची उपमा दिली. सभ्य टीकाकार ह्या वाक्यावर फार खुष असतात. पण पूल कशासाठीं असतो? त्यावर उभें राहून नदी पाहण्यासाठीं कीं पलीकडे जाण्यासाठीं? टिळकांनीं पुलास विसरावें असें कोणी म्हणत नाहीं, आणि ते विसरलेही नाहींत. पण ते पलीकडे पोंचलेच नाहींत असें आपण त्यांच्या वतीनें ठरविणें, हा त्यांच्या शब्दाचा सन्मान नव्हे.

आणि 'घरींच होतें' म्हणणाऱ्यांनीं घराचीं दारें कोणास उघडीं होतीं, हेंही सांगावें. चोखोबांची समाधि पंढरीच्या देवळाच्या बाहेर, नामदेवांच्या पायरीपाशीं आहे. विठ्ठलाच्या त्या देवळाचें दार अस्पृश्यांस उघडें झालें तें १९४७ सालीं, साने गुरुजींनीं त्यासाठीं प्राणांतिक उपोषण मांडल्यावर. टिळकांच्या काळीं नगर जिल्ह्यांतील जो महार ख्रिस्ती झाला, त्याला पंढरीचा विठोबा कळसाच्या दर्शनापुरताच होता. रमाबाईंचीही हीच कथा. ही बाई अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. आईबापांबरोबर तीर्थें हिंडत, पुराणें सांगत ती वाढली. दुष्काळांत आईबाप गेले. १८७८ सालीं कलकत्त्यास तिला 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या मिळाल्या. संस्कृत शास्त्रांत काय आहे हें तिला टीकाकारांहून अधिक ठाऊक होतें. तिनें आपल्या साक्षींत लिहिलें आहे कीं, शास्त्रग्रंथांचीं इतर मतें परस्परविरुद्ध असलीं, तरी स्त्रियांची जात वाईट व त्यांना पुरुषांप्रमाणें मोक्ष नाहीं ह्या गोष्टींवर त्यांचें एकमत तिला आढळलें. पुढें लंडनजवळ फुलॅम येथें पतित मानलेल्या स्त्रियांना भगिनींनीं प्रेमानें सांभाळलेलें तिनें पाहिलें, आणि ही करुणा कोठून आली असें विचारलें. तेव्हां तिला योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यांत आली. परजातीची, पांच नवरे झालेली, विहिरीवर एकटी आलेली ती बाई. आणि तिच्याजवळ पाणी मागून तिलाच जीवनाचें पाणी देऊं करणारा तो वाटसरू. पाणवठ्यावरचा विटाळ ज्या देशांत इतका जपला जात असे, त्या देशांतील विधवेच्या अंतःकरणास ही कथा भिडली, यांत परकें काय आहे? जनाबाई, बहिणाबाई होत्या हें आम्हीही जाणतों. पण तहानेलेल्या मनुष्यानें कोणत्या विहिरीवर जावें हें, आपण पाणी पिऊन बसलेल्यांनीं, मागाहून ठरवूं नये.

हें समाधान म्हणजे तरी काय, ह्याविषयीं मित्र व शत्रु दोघांचाही गैरसमज आहे. मिशनांच्या कित्येक अहवालांवरून असें वाटतें कीं बाप्तिस्मा झाला, नांव नोंदलें, काम संपलें. रमाबाईंचा अनुभव ह्याच्या उलट आहे. १८८३ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें. आणि तरी त्या पुढें लिहितात कीं इतकीं वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ती उणीव भरून निघण्यास बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें जावीं लागलीं. जगभर कीर्ति झालेल्या बाईस हें लिहिण्याची काय गरज होती? लोकांस दाखविण्यासाठीं धर्म धरणारा मनुष्य असली कबुली कधीं देत नाहीं. नीलकंठशास्त्री गोऱ्यांची गोष्ट ह्याहून विलक्षण. काशीच्या ह्या चित्पावन पंडितानें १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतला, पुढें 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहाही दर्शनांशीं वाद मांडला. आणि तरी शंकांनीं त्याचा पिच्छा जन्मभर सोडला नाहीं. शंका येतच राहिल्या आणि विश्वासही टिकून राहिला. वादांत जिंकलेला हा मनुष्य प्रार्थनेंत रोज नव्यानें भिकारी होत असे. समाधान म्हणजे तृप्तीची ढेकर नव्हे, हें ह्या दोघांवरून शिकावें.

तें खरें कीं भ्रम, हें कशावरून ओळखावयाचें? फळांवरून, ही कसोटी ख्रिस्ताचीही आहे आणि आमच्या संतांचीही आहे. रमाबाईंस जें मिळालें त्याचें फळ केडगांवास उभें राहिलें. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुली व विधवा त्यांनीं आणिल्या आणि 'मुक्ति'च्या आवारांत त्यांस अन्न, अक्षर व हातचा धंदा दिला. उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून, अडाणी बाईसही समजेल अशा मराठींत त्यांनीं सबंध बायबलाचें भाषांतर केलें. १९२१ सालीं एकुलती एक मुलगी मनोरमा वारली; तरी बाईंचा हात थांबला नाहीं, आणि १९२२ च्या एप्रिलांत त्या गेल्या तेव्हां तें काम पुरें झालेलें होतें. मनाचा खेळ इतकीं वर्षें, इतक्या दुःखांतून, दुसऱ्यांच्या मुलींसाठीं राबत नाहीं. आणि ज्यांस हा सर्व मनाचाच खेळ वाटतो, त्यांनीं ती सुरी तुकोबांच्या अनुभवावरही चालवावी. तेथें हात कचरतो आणि येथें कचरत नाहीं, तर दोष सुरीचा नाहीं, हाताचा आहे.

ख्रिस्ती बांधवांसही दोन शब्द सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. गोव्यांत बामण, चारडो, शूद्र हे भेद बाप्तिस्म्यानंतरही शतकेंच्या शतकें टिकले. महाराष्ट्रांतही लग्न जुळवितांना मूळची जात विचारणारीं ख्रिस्ती घरें आहेत. ज्या शोमरोनी स्त्रीच्या कथेनें रमाबाईंस जिंकलें, त्या कथेस ह्याहून मोठें खंडन हिंदु टीकाकार लिहूं शकणार नाहीं. शिवाय शेजाऱ्याच्या देवाची कुचेष्टा केल्यावांचून ज्यांस आपल्या देवाची स्तुति करतां येत नाहीं, आणि जे आपल्या अंतरींच्या अनुभवाचें जाहिरातींत रूपांतर करितात, ते टिळक-रमाबाईंचे वारस म्हणवून घेण्यास पात्र नाहींत. ज्यास विश्रांति मिळाली आहे तो आरडाओरड करीत नाहीं.

परंतु मुख्य जबाबदारी बहुसंख्य वाचकांची आहे. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादेस ९३ वें मराठी साहित्यसंमेलन भरलें. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे. जन्मभर त्यांनीं मराठींत लिहिलें, 'सुवार्ता' मासिक चालविलें, 'सुबोध बायबल' मराठीस दिलें. त्यांची निवड होतांच, हा पाद्री अध्यक्ष कसा, असा आक्षेप कांहीं मंडळींनीं घेतला. संमेलन झालें, दिब्रिटो अध्यक्ष झाले, आणि २०२४ सालीं ते वारलेही. पण तो आक्षेप अजून वारलेला नाहीं. आणि जे उदार वाचक त्या आक्षेपास हंसले त्यांच्याही मनांत त्याची सौम्य आवृत्ति राहते: लेखक म्हणून चालेल, श्रद्धा मात्र त्यानें आपल्यापाशीं ठेवावी.

तेव्हां आमची मागणी फार मोठी नाहीं. पाठ्यपुस्तकें करणाऱ्यांनीं 'केवढें हें क्रौर्य'च्या शेजारीं टिळकांचा एखादा ख्रिस्तभक्तीचा अभंग छापावा. स्टीफन्सच्या भाषास्तुतीबरोबर त्याच्या कथेंतील एखादा प्रसंगही मुलांस वाचूं द्यावा. 'स्मृतिचित्रां'वर लिहिणारानें लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा हा केवळ पतीच्या मागोमाग झालेला प्रकार म्हणून एका वाक्यांत संपवूं नये. आणि ह्या माणसांनीं आपल्या जिवाची जी साक्ष लिहून ठेविली आहे, ती इतर कोणाही संताच्या साक्षीइतकीच गंभीरपणें वाचावी. पटली नाहीं तर वाद करावा, पण ती लिहिलीच गेली नाहीं असें ढोंग करूं नये. मराठी मनुष्याच्या आत्म्यास ख्रिस्ताच्या ठायीं समाधान मिळालें आहे, हें मान्य करण्यासाठीं कोणास ख्रिस्ती व्हावें लागत नाहीं. हातांतलें पुस्तक शेवटपर्यंत वाचावें लागतें, इतकेंच.